खालच्या अर्ध्यातली लाल जीप

"दाजींचा एक डोळा जीपवर नि एक टीव्हीवर. हरतील नाय तर काय," लक्ष्मण म्हणाला.

हे तो आत्याला सांगत होता. मी झेरॉक्स मशीनच्या मागे लॅपटॉप घेऊन बसले होते. टीव्हीवर गेम चालू होता. वरच्या अर्ध्या भागात लक्ष्मणची हिरवी जीप धडधाकट उभी होती. खालच्या अर्ध्या भागात काशीनाथदादांच्या लाल जीपमधून धूर निघत होता. सलग सहाव्या दिवशी.

मी गेम टेस्टर आहे. गेम बाजारात जायच्या आधी तो खेळायचा, मोडेपर्यंत खेळायचा आणि कुठे मोडला ते लिहून पाठवायचं, हे माझं काम. अशा प्रत्येक दोषाला आम्ही बग म्हणतो. कंपनी पुण्यात आहे, लहानशीच. मी मोखाड्यातून काम करते. घरी नेटवर्क धड येत नाही, म्हणून जीप स्टँडसमोर आत्याचं झेरॉक्सचं दुकान आहे तिथे बसते. नाशिकच्या इंग्लिश मीडियमच्या हॉस्टेलवर शिकल्यामुळे स्टँडवरच्या गप्पांत मला पटकन शिरता येत नाही. या कामात बोलावं कमी लागतं आणि बघावं जास्त, म्हणून ते मला आवडतं.

हा गेम मुद्दाम जुन्या धाटणीचा केलेला होता. ठोकळ्यांसारख्या गाड्या, त्यांच्या टपावर रॉकेट, आणि एकमेकांना उडवायचं. स्क्रीन मधोमध आडवी विभागलेली. वर पहिला खेळाडू, खाली दुसरा. दोघांनी एकाच टीव्हीसमोर बसून खेळायचं. याला स्प्लिट-स्क्रीन म्हणतात. आमच्या टीमचा प्रमुख निखिल म्हणाला होता, ऑफिसबाहेरच्या माणसांना खेळायला दे आणि नुसती बघत बस. म्हणून मी आत्याच्या दुकानातल्या टीव्हीला गेम जोडला. जीप भरेपर्यंत लक्ष्मण आणि काशीनाथदादा तसेही दुकानातच बसलेले असत.

दोघेही सूर्यमाळचेच, आणि तिथल्याच प्रवासी जीप चालवतात. लक्ष्मणची बहीण काशीनाथदादांना दिलेली, म्हणून ते त्याचे दाजी. सकाळी दोघे एकदमच स्टँडवर येतात. पहिला नंबर कोणाचा, म्हणजे आधी कोणाची जीप भरायची, हे ते पूर्वी नाणं उडवून ठरवत. गेम आल्यापासून गेमवर ठरवू लागले.

नंबर ही उन्हाळ्यात साधी गोष्ट नव्हती. सूर्यमाळला दुपारी पाण्याचा टँकर येतो. पहिल्या नंबरची जीप तोवर पाड्यावर पोचते. दुसऱ्या नंबरची पोचते तेव्हा टँकर निघून गेलेला असतो आणि काशीनाथदादांच्या बायकोने सगळे हंडे एकटीने वाहिलेले असतात. लक्ष्मणला ते कळत होतं. बहीण त्याचीच. "जावा ना दाजी तुम्ही आधी," तो दोनदा म्हणालाही. काशीनाथदादा ऐकत नव्हते.

"बायकोच्या भावानं सोडलेला नंबर नको," ते म्हणायचे. "जिंकून घेईन."

आणि हरायचे. हरले की हातातला बटणांचा कंट्रोलर खाली ठेवून उजव्या हाताची बोटं उघडमीट करून बघायचे. ते मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ मी लावला नाही.

त्यांची खुर्ची दाराशी होती, कारण तिथून जीप दिसते. दारापर्यंत पोचेल एवढी लांब वायर फक्त दुसऱ्या खेळाडूच्या कंट्रोलरला होती, म्हणून ते नेहमी खालच्या अर्ध्यात. लक्ष्मणचं म्हणणं मला पटलं होतं. एक डोळा जीपवर ठेवणारा माणूस हरणारच. मी वहीत लिहिलं, "खेळाडू दोनचं लक्ष नसतं."

सातव्या दिवशी त्यांची जीप पंक्चर काढायला गेली होती. स्टँडवर बघायला जीपच नव्हती. दोन्ही डोळे टीव्हीवर होते. तरी हरले.

मी वहीतली ओळ खोडली.

त्यांची खेळण्याची पद्धत इथे सांगायला हवी. पुण्यात ऑफिसमधले लोक गेम सुरू झाला की दुसऱ्याच्या मागे लागतात आणि पाठीमागून रॉकेट मारतात. या दोघांनी पहिल्या दिवशी वेगळंच केलं. गेममध्ये एक अरुंद पूल आहे. दोघांच्या जीप दोन टोकांना आल्या आणि दोघेही थांबले. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. चढ कोणाच्या बाजूला हे गेममध्ये कळेना, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत राहिला. मी सांगितलं की वाट द्यायची नाही, उडवायचं. मग लक्ष्मणने वळसा घालून मागून यायचा विचार केला, तर काशीनाथदादांनी त्याला अडवलं.

"मागून मारून जिंकलास तर बहिणीला काय तोंड दाखवशील?"

तेव्हापासून नियम ठरला. पुलावर समोरासमोर उभं राहायचं, एक, दोन, तीन मोजायचं आणि दोघांनी एकदम बटण दाबायचं.

आमचा टेस्टचा गेम स्वतःचं रेकॉर्डिंग ठेवतो. मी ते अगदी सावकाश चालवून पाहिलं. तीन म्हटल्यावर दोन्ही जीपच्या टपावर ठिणगी दिसत होती. म्हणजे काशीनाथदादांनी बटण वेळेवर दाबलं होतं. पण रॉकेट फक्त हिरव्या जीपचं निघत होतं.

कारण असं. जुन्या गेमचा तुटक वेग यावा म्हणून आमचा गेम मारामारीचा निकाल सेकंदाला दहाच वेळा लावतो. त्या दहाव्या हिश्शात दोघांनी बटण दाबलं तर ते एकदमच दाबलं असं धरलं जातं. पण निकाल लावताना कॉम्प्युटर आधी वरच्या खेळाडूचं काम संपवतो. त्याचं रॉकेट सुटलं, लागलं, खालची जीप मेली. मग खालच्याची पाळी येते. मेलेल्या जीपचं रॉकेट सुटत नाही. खरं तर दोघंही उडायला हवेत.

त्या दोघांना जागा बदलायला सांगायचा मला धीर झाला नाही. दुपारी आत्यालाच बसवलं. तिला वर, मला खाली. ती दरवेळी जिंकली. मग उलट बसलो, तर ती दरवेळी हरली.

"एवढं शिकून हेच करतेस होय," ती म्हणाली, आणि जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्ससाठी थांबलेल्या माणसाला सांगितलं, "जरा थांबा, आणखी एकदा मरू द्या मला."

मी बग लिहून पाठवला. दुसऱ्या दिवशी तो बंद होऊन परत आला. शेरा होता, आमच्याकडे असं होत नाही. मी पुन्हा उघडला. मग निखिलने कॉल लावला.

"आम्ही इतके दिवस खेळतोय, एकदाही झालं नाही," तो म्हणाला. "समोरासमोर उभं राहून, मोजून कोण मारतं? मागून मारायचं सोडून?"

मी माइक चालू केला. पुन्हा बंद केला. चॅटमध्ये लिहिलं, "घाटात गाडी चालवणारे."

मग निखिलने प्रोग्रॅमर ऋजुताला हाक मारली. लॅपटॉपमधून पुण्याचं "एक, दोन, तीन" ऐकू आलं. पुन्हा एकदा. मग खुर्च्या सरकवल्याचा आवाज, आणि पुन्हा तेच. शेवटी निखिल फक्त "अरे" म्हणाला. आमच्या कामात याहून मोठी शाबासकी सहसा मिळत नाही.

ऋजुताने दोन दिवसांत दुरुस्ती केली. आता गेम आधी दोघांची रॉकेट सोडतो आणि मग कोण मेलं ते बघतो. नवीन बिल्ड, म्हणजे दुरुस्त केलेला गेम, मी बाजाराच्या दिवशी सकाळी टीव्हीला लावला. कोणाला काही सांगितलं नाही.

एक, दोन, तीन. दोन्ही जीप उडाल्या. लक्ष्मणने टीव्हीकडे पाहिलं, मग दाजींकडे. पुन्हा मोजलं, पुन्हा दोन्ही उडाल्या. तिसऱ्या वेळी लक्ष्मणचा अंगठा मागे राहिला आणि खालच्या अर्ध्यात लाल जीप एकटी उभी राहिली.

"आज दाजींनी दोन्ही डोळे आणलेत," लक्ष्मण म्हणाला. आत्या हसली. काशीनाथदादाही हसले.

"मला वाटलं हात ढिला पडला," ते म्हणाले. "तुझ्या बहिणीला बोललो पण, आता उतारावर स्टेअरिंग आवरंल का नाय आपल्याच्यानं. जीप विकून टाकू म्हटलं."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. इतके दिवस ते बोटं उघडमीट करून काय बघत होते, ते मला तेव्हा कळलं. एक माणूस आमच्या गेमवरून स्वतःचा हात तपासत होता, आणि मी वहीत लिहिलं होतं की त्याचं लक्ष नसतं. ऑफिसच्या नोंदीत बग "दुरुस्त" म्हणून बंद झाला होता. त्यात खेळाडू दोनसाठी कुठेही रकाना नव्हता.

तेव्हापासून मी एक पाळते. खेळाडूची चूक असं लिहायच्या आधी त्याच्या खुर्चीत बसून बघते. बहुतेक वेळा चूक खेळाडूचीच निघते. तरी बसते.

काशीनाथदादा किल्ली घेऊन उठले. बाहेर त्यांच्या जीपमध्ये बाजारच्या पिशव्या घेऊन माणसं बसायला लागली होती. मी मशीनच्या मागून पुढे आले. आत्या माझ्याकडे बघत राहिली, कारण मी तिथून सहसा उठत नाही.

"काशीनाथदादा, तुमचा हात ढिला पडला नव्हता," मी म्हणाले. "तुम्ही रोज वेळेवर बटण दाबत होता. गेम चुकत होता, आणि ते बघायचं काम माझं होतं."