कडी आणि रक्तपेढीचा कॉम्प्युटर

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे ‘कडी’ म्हणतात. बाहेर पडताना ती दाराची कडी तीनदा ओढून पाहते, गॅस दोनदा.

कडी प्रोग्राम लिहिते. त्या दिवशी तिने रक्तपेढीत नवा प्रोग्राम बसवला; मीही सोबत होते. दुर्मीळ गटाचं रक्त लागलं की त्या गटाच्या सगळ्या दात्यांना एकदम निरोप. निरोप पाठवायचा पासवर्ड प्रोग्रामात लिहिला तर कोणीही वाचेल, म्हणून तो कॉम्प्युटरलाच सांगून ठेवायचा, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल करून. प्रोग्राम सुरू होताना तो मागून घेतो. तिने कॉम्प्युटरला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत पासवर्डची एक ओळ टाइप केली, तिथूनच प्रोग्राम चालवला. चाचणीचा निरोप गेला. निघताना तिने सवयीने सगळं बंद केलं.

आम्ही बस स्टॉपवर पोचतो तोच रक्तपेढीच्या बाईंचा फोन. “अहो मॅडम, तुमचा प्रोग्राम पासवर्ड नाही म्हणतोय! एका बाळंतिणीचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे. रक्त तपासायचं तर चारच्या आत दाता हवा. मी फोन लावतेय, पण उचलतंय कोण?”

सव्वातीन झाले होते. कडी पळतच परतली.

“घरी तर चालतं गं, ताई!”

“घरचा कॉम्प्युटर वेगळा ना?”

“वेगळाच. तिथे फाइलमध्ये लिहिलंय, ती दर वेळी आपोआप वाचली जाते. इथे मी फक्त त्या खिडकीला सांगितलं. आणि ती बंद केली. मीच!”

नवी खिडकी उघडून तिने कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये पासवर्ड कायमचा लिहिला. प्रोग्राम चालवला. पासवर्ड नाही. पुन्हा. नाहीच. मी मनात देवाचं नाव घेत होते.

“तुमच्यापेक्षा हा कॉम्प्युटरच हट्टी दिसतोय,” बाई म्हणाल्या.

“ही खिडकी सेटिंग बदलायच्या आधीच उघडलेली,” कडी पुटपुटली. “हिला नवं काही कळलेलंच नाही. बंद करून उघडायला हवी.” पण हात पुढे होईना. “मघाशी बंद केली म्हणून तर...”

“जन्मभर बंदच करत आलीस ना? मग आताच काय झालं? कर!”

तिने केली. पुन्हा उघडली. निरोप गेले.

चारला पाच मिनिटं असताना निरोप वाचून एक शिंपी धापा टाकत रक्त द्यायला आला, गळ्यात टेप तशीच. कडीनं स्वतः त्याला पाणी दिलं. मग माझ्याकडे वळली.

“ताई, आपला गॅस...”

“बंद आहे. बस आता.”