मारोतीचे डोळे चांगले होते

"डोळे गेले मारोतीचे. रिव्हर्स घेताना फाटकाचा खांबच पाडला. काढून टाकलं त्याले." ठेकेदार माझ्या दुकानात बसलेल्या चार ड्रायव्हरांना ऐकू जाईल असे बोलला.

वणीत मी गाड्यांच्या सीटा आणि हूड शिवतो. हूड म्हणजे उघड्या जीपचे कापडी छत. त्याची मागची खिडकी काचेची नसते, जाड पारदर्शक प्लास्टिकची असते, म्हणून ती छताबरोबर दुमडते. मारोती चालवायचा ती ठेकेदाराची जीप खिडकी बदलायला माझ्याकडे आली होती; जुनी खिडकी ताकासारखी पांढरट झाली होती. त्यातून खांब काय, हत्ती दिसला नसता. आमच्याकडे कोळशाची धूळ सगळे डिझेलच्या फडक्याने पुसतात. पत्रा चमकतो, प्लास्टिक मात्र आंधळे होते. आणि ही खिडकी बसवली तेव्हा "डिझेल मारत जा, चमकते," असे मारोतीला मीच सांगितले होते.

हे तिथेच बोलायला हवे होते. पण ठेकेदाराच्या सगळ्या ट्रकच्या सीटा माझ्याकडे यायच्या. मी खाली मान घालून मशीन चालवली.

हूड ताणून ठेवून नवे प्लास्टिक आधी शिवायचे, जुने नंतर आतून कापायचे. उलटे केले तर कापड झोळ खाते. जुना तुकडा निघाला, तसा ठेकेदाराने तो पायाने सरकवला.

"जाळून टाक, मिस्त्री."

मी जाळला.

सकाळी मारोती आला. "चाचा, तो जुना तुकडा द्या. लोकायले दाखवतो. वणीत कोणी माह्या हाती स्टेअरिंग देऊन नाही राह्यलं."

"जाळला."

"काहून?"

मी सुईत दोरा ओवू लागलो.

"तुमचे डोळे तं चांगले होते ना, चाचा?"

तसाच उठून ठेकेदाराकडे गेलो. त्याच्या माणसांसमोर सांगितले, "खांब मारोतीनं नाही, डिझेलनं पाडला. अन् डिझेल लावायले मी सांगतलं होतं. तुम्हाले हे ठाऊक होतं, म्हणून तर तुकडा जाळाले लावला."

तो हसला. "मंग दाखव ना तुकडा."

ट्रकच्या सीटा दुसऱ्या दुकानात गेल्या. जाऊ दे. मारोती मात्र अजून कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री बांधतो. त्याच्यापेक्षा कच्चे ड्रायव्हर खाली केबिनमध्ये बसून त्याला हाका मारतात, "ए बुढ्या, आवर." ते ऐकले की माझे डोके फिरते.

प्लास्टिकची खिडकी साबणाच्या पाण्याने धुवावी. आणि काढलेला तुकडा मालकाला न विचारता ड्रायव्हरच्या हातात द्यावा.