जोडाखालची फूट

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीत कळशी बुडेनाशी झाली. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही दोन हंडे भरेपर्यंत जाणार. मग मी परसात वाटणी करून टाकली. तांदूळ धुतलेलं पाणी अळवाला, न्हाणीतलं केळींना, आणि रोज एक बादली खालच्या दगडी गडग्याजवळच्या हापूसच्या कलमाला. ते कलम आमच्या ह्यांच्या हातचं शेवटचं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. बाकी काही जगो न जगो, ते मला जगायला हवं होतं.

पण गुडघा कसला ऐकतोय. वैशाखात तो असा सुजला की पंधरा दिवस मी पडवीतच बसून. शेजारी माझी धाकटी जाऊ राहते. सांगितलं असतं तर तिने घातलं असतं हो पाणी. पण तिच्याकडेही पाण्याचे हालच, माझं तोंड उघडेना. पडवीतून नुसती बघत राहायचे. कलमाची पानं आधी दुमडली, मग तपकिरी झाली, मग वाऱ्याने वाजायला लागली.

आता पाऊस लागून महिना उलटलाय. परसू कसं झालंय म्हणून सांगू, सकाळी दार उघडलं की वाटतं, रात्री आपण भलत्याच कुणाच्या घरात झोपलो होतो. अळू वर आलं, हळदीने सुरळ्या उघडल्या, मेली म्हणून उपटायची राहिलेली अबोली दोन कळ्या धरून उभी. दुपारी सर थांबली की कातळावरून वाफ निघते आणि केळी, गडगा, सगळं तरंगल्यासारखं दिसतं. मी पडवीत लवंडते, डोळा लागतो, आणि हे दिसतात, झारी घेऊन गडग्याकडे चाललेले. हाक मारली तर वळत नाहीत. जित्तेपणी तरी कुठे वळायचे, झाडाकडे निघाले की कान बंद.

कलम मात्र काठीच्या काठी. मी रोज जायचे आणि नखाने साल खरवडून बघायचे. आत हिरवं असलं तर जीव आहे म्हणायचं. कधी हिरवं दिसल्यासारखं वाटायचं, कधी नाही. जाऊ एकदा गडग्यापलीकडून म्हणाली, "वैनी, डॉक्टर तरी एवढ्या वेळा नाडी बघतो का? खरवडून खरवडून तुम्हीच संपवाल त्याला."

"तू गप गो. तुझ्या भाऊजींचं आहे ते."

"भाऊजी असते तर त्यांनी तुमच्याच हातावर मारली असती."

खरं होतं ते.

मग एका सकाळी पडवीतूनच मला तिथे तांबूस पालवी दिसली. चष्मा नव्हता, तरी दिसली. मी आधी मुंबईला मुलाला फोन लावला. "बाबांचं कलम फुटलं रे," म्हटलं. ऑफिसात होता, तरी मोठ्याने हसला. मग चष्मा शोधला, हळूहळू उतरून खाली गेले, आणि बघते तर फूट जोडाखालून आलेली.

कलमात खाली रायवळ, म्हणजे गावठी आंब्याच्या कोयीचं रोप असतं, वर हापूसची काडी, मध्ये पट्टी बांधून केलेला जोड. जोडाखालून फुटलं की ती रायवळ. वरच्या काडीच्या वाटचं खाते म्हणून हे ती दिसताक्षणी खुडायचे. आता वर खायला कोणी राहिलंच नव्हतं. जोडाच्या वरती सगळं कडकडीत वाळलेलं. हापूस गेला होता, आणि मी मुलाला काय सांगून बसले होते.

तिथेच चिऱ्यावर बसले. सवयीने बोटं फुटीकडे गेली आणि एक पान चुरगळलं. त्याचा वास आला मात्र, मी मंडणगडकडच्या माझ्या माहेरच्या खळ्यात उभी. तो वास दुसऱ्या कुठल्या आंब्याचा नव्हे. रस्ता रुंद करायला तिथलं रायवळचं झाड तोडायचं ठरलं, तेव्हा भावाने शेवटचे आंबे पाठवले होते. मी पडवीत बसून चोखत होते. ह्यांनी माझ्या ताटातली एक कोय उचलली, धुतली, मातीच्या पिशवीत खुपसली. "कशाला हो?" मी विचारलं. "बघू," म्हणाले. एवढंच. मी तर ते साफ विसरून गेले होते.

जाऊ कोयती घेऊन आली तेव्हा पाऊस भुरभुरत होता.

"काढून टाकू का, वैनी? रायवळ काय, आंबट निघेल."

"निघू दे. चोखून खाऊ."

वरची वाळली काडीही मी तोडू दिली नाही. जुन्या साडीची पट्टी फाडली आणि कोवळी फूट त्या काडीला सैल बांधली, वाऱ्याने मोडायला नको म्हणून.

संध्याकाळी मुलाचा फोन. "काय मग आई, बाबांचे आंबे कधी?"

"सहा-सात वर्षं तरी जातील. आणि हापूस नव्हेत हो ते, तुझ्या मामाकडचे आहेत."

"म्हणजे?"

"गणपतीत ये," म्हटलं, "पान चुरगळून देते हातात."