मुंबईचा चौकोन

लालबागच्या आमच्या शाळेत सातवीला गणित मी शिकवायचे आणि चित्रकला माझी मैत्रीण. दोघी एकाच जूनमध्ये लागलो, दोघीही हंगामी. वर्षअखेरीला एकीलाच कायम करणार, हे हेडमास्तरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही त्यावर हसायचो. "तुला केलं तर रोज तुझ्या डब्यात जेवीन," असं ती म्हणायची आणि मला ते खरं वाटायचं. मूर्ख होते असं मी म्हणणार नाही. मैत्रिणीवर विश्वास टाकण्यात कसला आलाय मूर्खपणा?

मुलांना आयत, त्रिकोण यांच्या क्षेत्रफळाची सूत्रं तोंडपाठ होती. वेडावाकडा आकार दिला की मात्र सगळे खिडकीबाहेर बघायचे. खरं तर रीत सोपी आहे. आकारावर सारख्या चौकोनांची जाळी आखायची, पूर्ण भरलेले चौकोन मोजायचे, अर्ध्याहून जास्त भरलेला पूर्ण धरायचा आणि अर्ध्याहून कमी भरलेला सोडून द्यायचा. पुस्तकात त्यासाठी पिंपळाचं पान दिलं होतं. बाहेर भिंतीभिंतीवर संयुक्त महाराष्ट्र लिहिलेला, मधल्या सुट्टीत पोरं त्याच्याच घोषणा देत फिरायची, त्यांना पानाचं काय कौतुक? मी मैत्रिणीला म्हटलं, आपण महाराष्ट्रच मोजू या. तिनं दोन संध्याकाळ खपून फळ्याएवढा नकाशा काढला, अगदी बेळगाव-कारवारसकट, आणि तासाला मागच्या बाकावर येऊन बसली.

तसा तास मला पुन्हा कधी साधला नाही. चौकोन मोजताना नागपूर आलं की टाळ्या, सोलापूर आलं की टाळ्या. मग आम्ही किनाऱ्याला आलो. तिथल्या एका चौकोनात जवळजवळ सगळा समुद्रच होता, कडेला जमिनीची चिंचोळी पट्टी.

एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, ह्याच्यात मुंबई आहे. ही सोडायची?"

मी म्हटलं, "आजच्या नियमानं हा चौकोन सुटतो. पण ही रीत अंदाजाची आहे. उद्या आपण चौकोन लहान आखू. जाळी बारीक केली की उत्तर खऱ्याच्या जवळ जातं. मग बघा, मुंबई येते की नाही!"

तास संपला. नकाशा गुंडाळता गुंडाळता मैत्रीण म्हणाली, "काय पकडलं गं तुला पोरीनं! पण बारीक जाळीचं छान सुचलं हं तुला." आम्ही दोघी हसत जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात चार-पाच पालक उभे होते. सगळ्यांत पुढे एक गिरणीकामगार. त्याचा भाऊ मोर्चावरच्या गोळीबारात पायानं अधू झालेला, हे मला माहीत होतं.

"काय बाई, पोरांना मुंबई सोडा म्हणून शिकवता? आमच्या मराठी शाळेत?"

मी बारीक जाळीचं सांगू लागले. अंगावर आल्यावर ही बाई आता रचून सांगतेय, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, मुलांनाच विचारा. हेडमास्तर म्हणाले, मुलांना यात ओढायचं नाही. त्यांनी मैत्रिणीला बोलावून घेतलं.

"तुम्ही वर्गात होतात. चौकोन लहान करायचं ह्या खरंच बोलल्या होत्या का?"

ती टेबलावरच्या दौतीकडे बघत म्हणाली, "मी नकाशा सांभाळत होते, सर. माझं लक्ष नव्हतं."

ती भांडली असती, माझ्यावर उलटली असती, तर मीही चार शब्द सुनावले असते. ह्या गुळमुळीत वाक्याला मी काय उत्तर देणार होते?

जूनमध्ये ती कायम झाली आणि मला प्रभादेवीला दुसरी शाळा शोधावी लागली. निघताना फाटकाशी मी तिला एवढंच विचारलं, "का गं?"

"नकाशा माझाच होता. खरं सांगितलं असतं तर दोघींनाही काढलं असतं. एक तरी राहिली ना?" ती म्हणाली. जणू माझ्यावर उपकारच केले होते. मला तिचा भयंकर संताप आला. तिच्याशी मी पुन्हा बोलले नाही.

पुढे मुंबईसह राज्य झालं. त्या संध्याकाळी लालबागमध्ये गुलालानं माणसं ओळखू येत नव्हती. मीही मोर्चांत चालले होते, घसा बसेपर्यंत ओरडले होते. नवी साडी नेसून मी चाळीतून खाली उतरले. नाक्यावर पेढे वाटत तोच गिरणीकामगार उभा होता. मला बघून तो मनापासून हसला. त्याच्या मनात राग उरला नव्हता.

"घ्या बाई, तोंड गोड करा! तुम्ही सोडलीत, पण आम्ही आणली मुंबई."

भोवतीची माणसं खो खो हसली. त्याच्या शेजारी पेढ्यांचं ताट धरून माझी मैत्रीण उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तीही हसली.