आगीची बादली

हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच. अख्खं धुळं हसलंय!

तर आमची भाची कोमल. कॉलेजात शिकते आणि मोटरसायकलची ड्रॅग रेस पळते. म्हणजे काय, तर दोन गाड्या, एक सरळ रस्ता, कोण आधी पोचतं! माझे वडील नाना, म्हणजे तिचे आजोबा, यांचा या प्रकाराला कडाडून विरोध. शेवटी मी मध्ये पडलो. नाना म्हणाले, "एक डाव दखसू. नही पटनं ते गाडी इकी टाकसू."

झालं! गाडी राहणार की विकली जाणार, सगळं त्या एका रेसवर आलं. भडगावहून नानांना घेऊन थेट धुळ्याला, देवपूरच्या पुढच्या माळावर गेलो.

निम्म्या खुर्च्या रिकाम्या! माइकवाला रडकुंडीला आलेला. "पूर्वी लोक झाडावर चढून बघायचे हो! आता सगळे घरी मोबाइलवर बघतात." भजीच्या गाडीवर मात्र ही गर्दी.

पहिली जोडी सुटली. नानांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, तोवर रेस संपलीसुद्धा!

"झायं? एवढासाठे भडगावथून उनूत?"

तेवढ्यात कोमल रेषेवर आली. आणि बघतो तर काय, गाडी जागच्या जागी उभी आणि मागच्या चाकातून धूर! पोरगी दिसेनाशी झाली हो!

आता मी बावीस वर्षं जिनिंगमध्ये काढलेला माणूस. कापसाच्या गंजीतून धूर दिसला की कोणाला विचारत बसायचं नसतं, बादली उचलून पळायचं असतं. कडेला वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या होत्याच. एक उचलली, दोरी ओलांडली आणि "कोमल, उतर! गाडी पेटली!" असं बोंबलत अख्खी बादली चाकावर रिकामी केली.

चाक फिरतच होतं. निम्मी वाळू परत माझ्याच तोंडावर आली.

"मामा! टायर तापवतेय मी! तापलं की पकड येते!"

"मग आधी सांगायचं ना!"

रेस थांबली. माइकवाल्याने माझ्या हातात झाडू दिला. भजीवाली सगळी गर्दी कडेला येऊन उभी! शिट्ट्या काय, मोबाइल काय! वर तो माइकवर सुरू, "झाडा मामा, झाडा!" अर्धा तास रस्ता झाडला.

मग कोमल पळाली आणि चक्क जिंकली! पण नानांकडे बघायची माझी छाती होईना.

परतीच्या वाटेवर नाना खिडकीबाहेर तोंड करून बसले. पांझरेचा पूल आला तरी तसेच. मागे कोमल हेल्मेट मांडीवर घट्ट धरून बसलेली. तिचा चेहरा बघवत नव्हता.

पूल ओलांडल्यावर नाना म्हणाले, "पुढला साल बठ्ठासले लई येऊत."

सगळ्यांना घेऊन यायचं म्हणतात! कोमल किंचाळलीच! "नाना, मनी रेस आवडनी?"

"तुनी रेस कोठे दखी मी? हासी हासी डोयास्मा पानी व्हतं."

मग माझ्याकडे वळून, बादली घेऊन पळाल्याची हाताने खूण करत, कधी नव्हे इतक्या मायेने विचारलं, "तू परत बादली लिसन पयशी ना रे?"