शुशानिक आणि दुसरी कमान

शुशानिकचे गुडघे हा आर्मेनियातल्या वारदाझोर गावातला जुना विषय होता. सपाट रस्त्यावर ती दर वीस पावलांना थांबायची, कण्हायची आणि धाकट्या भावाला, पायलाकला, बोल लावायची. शिडी समोर आली की मात्र गुडघे एकदम ताळ्यावर. तरुणपणीच ती लेनिनाकान शहरात गेली होती आणि चोवीस वर्षं उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून तिनं भिंती, जिने, छपरं उचलून जागेवर ठेवली होती. अर्धं शहर आपल्या हातून वर गेलंय, असं ती सांगायची आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. लग्नाचं कोणी काढलं तर म्हणायची, "मागणी घालायला एवढ्या वर चढून कोण येणार?"

पन्नाशीला पेन्शन घेऊन ती गावी परतली आणि सहा महिन्यांत कंटाळली.

त्याच उन्हाळ्यात दरीपलीकडच्या मठाचं काम निघालं. मठाचं चर्च आठशे वर्षं उभं होतं. त्याच्यापुढचा सभामंडप मात्र कुठल्याशा जुन्या भूकंपात कोसळलेला. त्या मंडपाला मध्ये एकही खांब नव्हता. चार कमानी, दोन उभ्या, दोन आडव्या, एकमेकींना छेदत भिंतीपासून भिंतीपर्यंत जायच्या, आणि मधल्या चौकोनावर उजेडाच्या झरोक्याचा छोटा घुमट असायचा. आता ते गुलाबट दगड मातीत अर्धे रुतून पडले होते. येरेवानहून आलेल्या वारूझान नावाच्या किडकिडीत आर्किटेक्टनं तीन वर्षं खपून प्रत्येक दगड मोजला होता, त्यावर आकडा घातला होता. एक छोटी क्रेनही सुटी करून ट्रॅक्टरवरून वर आणली होती.

पहिली कमान उभी राहिली, आणि क्रेनवाला चुलतभावाच्या लग्नाला म्हणून गेला तो गेलाच.

आठव्या दिवशी शुशानिक गवंड्यांसाठी पाव आणि चीज घेऊन गेली. तिनं क्रेनच्या लोंबकळणाऱ्या हुकाकडे पाहिलं.

"हे असंच टांगून ठेवायचं ठरलंय का?"

"क्रेनवाला नाही, मावशी," वारूझान म्हणाला.

"मी आहे की."

तो हसला. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी रुमालात गुंडाळलेलं शिक्क्याचं सर्टिफिकेट तिनं त्याच्या नकाशावर ठेवलं आणि त्याचं वाचून होईपर्यंत ती शिडीच्या मध्यावर पोचलीसुद्धा. खालून पायलाक ओरडला, "ताई, गुडघे?"

"ते खाली ठेवून आलेय. लक्ष ठेव."

दुसऱ्या कमानीचा लाकडी साचा उभा होता. त्यावर दोन्ही भिंतींकडून एकेक दगड चढू लागला. शुशानिकचा हात असा हलका की गवंडी नुसता बोटानं दगड जागेवर सरकवायचा. पाचव्या दिवशी माथ्याचा शेवटचा दगड आला, आणि बसेना. चार बोटं जास्त भरत होता. वारूझाननं वही पुन्हा तपासली. दगड पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. तेच. मुख्य गवंडी साहाक छिन्नी शोधू लागला.

"त्या दगडाला हात लावशील तर खबरदार," वारूझान म्हणाला, आणि रडवेला होऊन पायरीवर बसला.

वर केबिनमध्ये शुशानिकला करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती खाली बघत बसली. जिथून दगड उचलले होते तिथं ओल्या मातीत खड्डे राहिले होते. खालून तो सगळा चिखलच वाटला असता. वरून मात्र खड्ड्यांची सरळ ओळ दिसत होती, दात पडलेल्या हिरडीसारखी. कमान पडताना जशीच्या तशी आडवी झाली होती. उत्तरेकडे सात मोठे खड्डे, दक्षिणेकडे पाचच, तेही लहान.

ती खाली उतरली.

"एकतीस नंबरचा दगड मी उत्तरेकडच्या खड्ड्यातून काढला. तू तो दक्षिणेला का बसवलास?"

"दोन्ही बाजू सारख्याच असणार ना, मावशी. पहिल्या कमानीत तशाच आहेत."

"इथं नाहीत. वर चल, दाखवते."

वारूझानला उंचीची भीती होती. तो निम्म्या शिडीवर डोळे मिटून थांबला. तिनं खालून ढकलत त्याला केबिनपर्यंत नेलं. तिथं त्यानं डोळे उघडले आणि बोटानं खड्डे मोजले, दोनदा. मग खाली उतरून दक्षिण भिंतीच्या पायथ्याची माती तो हातांनीच उकरू लागला. आत डोंगराचा खडक निघाला. जुन्या कारागिरानं तो फोडला नव्हता. कमानीचा पाय सरळ त्यावर ठेवला होता. म्हणून ती बाजू उंचावरून सुरू होत होती, आखूड होती, आणि कमानीचा माथा मध्यापासून हातभर सरकलेला होता.

"मापं जुळत नव्हती त्याचा दोष मी भूकंपाला देत होतो," वारूझान म्हणाला. "तीन वर्षं."

"तो खडक फोडायचा म्हणजे चार महिने गेले असते," साहाक म्हणाला. "शहाणा माणूस होता."

सुतारानं कुरकुरत साचा बदलला. दगड उतरवून पुन्हा चढवायला नऊ दिवस लागले. माथ्याचा दगड या वेळी आपल्या वजनानंच खाली गेला. कोणाला हातही लावावा लागला नाही. साचा काढताना वारूझान हट्टानं कमानीखाली उभा राहिला.

"बाजूला हो. तुझ्या आईला मी काय सांगू?" शुशानिकनं वरून दम भरला. तो हलला नाही. कमानही हलली नाही.

क्रेनवाला उगवला तो तिसऱ्या कमानीच्या वेळी, लग्नातली मिठाई घेऊन. ती सगळ्यांनी खाल्ली. त्याला चुना कालवायच्या कामाला लावलं.

ऑक्टोबरात झरोका बसला. दुपारी उन्हाचा चौकोन मंडपाच्या फरशीवर पडला तेव्हा गावातले म्हातारे कॉफीचं भांडं घेऊन त्यात येऊन बसले, आणि ऊन सरकेल तसे बूड उचलून सरकत राहिले. क्रेन सुटी करून ट्रकवर चढली. पुढच्या दरीत आणखी एक पडका मठ होता. शुशानिक ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

"आपल्या झाडांवरची सफरचंदं कोण उतरवणार?" पायलाकनं विचारलं.

"तू. आणि दोन पेट्या तिकडे पाठव. गवंडी फार खातात."