हमीदाबीची हाक

तेलगावात आश्रुबाला सगळे 'व्हिलन' म्हणत आणि त्याला ते आवडायचं. घरची चार एकर कपाशी, आणि जत्रेतल्या नाटकात दरवर्षी दुष्ट सावकाराचं काम. आवाज असा, की माईक लागत नसे. दोन वर्षांपूर्वी परळीजवळ एका सिनेमाचं शूटिंग लागलं, तेव्हा कुणीतरी त्याचं नाव सुचवलं. काम होतं दंगलखोरांच्या म्होरक्याचं. एका मुसलमान म्हातारीचा बांगड्यांचा गाडा त्यानं उलथवायचा होता.

वाक्यं दोनच लिहून दिलेली. तिसऱ्या वेळी दिग्दर्शक म्हणाला, "काका, अजून काहीतरी तुमच्या मनानं टाका."

आश्रुबाच्या तोंडात आयतंच आलं. त्याच्या गल्लीत तीस वर्षं हमीदाबी मन्यार बांगड्यांची पाटी घेऊन यायची. वळणावरूनच तिची हाक ऐकू यायची, "हात सुने नक्को रखो गे माय." आश्रुबानं तीच हाक तिच्याच हेलात दिली, आणि काच पायाखाली चिरडली. सगळं युनिट हसलं. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

सिनेमा आला. गावानं तो मोबाईलवर पाहिला. तेवढाच अर्ध्या मिनिटाचा तुकडा सगळीकडं फिरला. पोरं आश्रुबाबरोबर फोटो काढायची, ते वाक्य म्हणायला लावायची. तोही म्हणायचा.

नागपंचमी आली, पण हमीदाबी गल्लीत आली नाही. आश्रुबाच्या लेकीचा, रोहिणीचा लग्नचुडा तिनंच भरलेला. मोहरमची सवारी आश्रुबाच्या दारात थांबायची आणि त्याची बायको छबुबाई सवारी धरणाऱ्याच्या पायांवर पाणी घालायची. अशा घरी हमीदाबी सणाला आली नाही, म्हणून छबुबाई स्वतःच बाजारात तिच्या दुकानी जाऊन बांगड्या भरून आली. आल्यावर पिशवी कोपऱ्यात टाकून भिंतीला टेकून बसली.

"काय झालं?" आश्रुबानं विचारलं.

"पोरं हमीदाआक्काच्या दुकानाम्होरं उभं राहून तुमचं ते बोलत्यात अन् हसत्यात. ती मान खाली घालून बसली व्हती." छबुबाईनं पदर सारखा केला. "मला तिच्याकडं बघवंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रुबा हमीदाबीच्या घरी गेला. ती उंबऱ्यात बसून बांगड्या निवडत होती. तिनं सतरंजी टाकली.

"आक्का, सनिमाच हाय तो," आश्रुबा म्हणाला. "सांगतील ते करावं लागतं."

"मला बी कळतं, भाऊ. सुनंनं दाखवला. गाडा पाडला, शिव्या दिल्या, ते कुणीतरी लिवल्यालं आसंल." ती थांबली. "पण ती हाक बी लिवली व्हती का?"

'हो' म्हटलं असतं तर संपलं असतं. मुंबईला जाऊन दिग्दर्शकाला विचारणारं कोण होतं?

"न्हाई. ते मी मनानं घातलं."

"तेच म्हनलं. त्या लोकांना माझी हाक कशी ठावं?"

"चुकलं, आक्का."

तिनं आत वळून सुनेला चहा ठेवायला सांगितलं. आश्रुबानं चहा घेतला, पण मान वर केली नाही.

तिथून तो बाजारात गेला. कोपऱ्यावर त्या हसणाऱ्या पोरांतला सुरज आणि त्याचे दोस्त होते. आश्रुबा म्हणाला, "ते वाक्य म्हणत जाऊ नका बे. ते बोलून मी चूक केली."

सुरज हसला. "काका, महिनाभर तुमीच आमाला म्हणून दाखवलं की."

सगळ्यांसमोर आश्रुबाचे कान लाल झाले आणि तो तसाच घरी आला. पुढं पोरांनी ते सोडलं, पण त्याच्या सांगण्यावरून नाही. दुसरा कुठलातरी तुकडा आला म्हणून.

यंदा त्याच कंपनीचा फोन आला. पुन्हा तसलंच काम. त्यानं नाही म्हणून सांगितलं.

"लिवल्यालं तेवढंच बोलायचं. करा की," छबुबाई म्हणाली.

"मला तेवढंच बोलता येत न्हाई," तो म्हणाला.

हमीदाबी आता पुन्हा गल्लीत येते. हाक मारत नाही, दाराची कडी वाजवते. छबुबाई तिला आत बसवते, आणि आश्रुबा तेवढा वेळ मागच्या अंगणात थांबतो.